पर्लच्या तक्रारी वाचायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा नव्याने शिकणारी मुले सर्वाधिक अडखळतात ती ओळीच्या आकड्यापाशी. सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला, की पर्ल ‘सिंटॅक्स एरर’ (वाक्यरचनेची चूक) आठव्या ओळीवर दाखवते. विधान संपलेच नाही हे तिला पुढचा शब्द वाचल्यावर कळते. मुले धडधाकट आठवी ओळ खोडत बसतात. आकडा चूक लक्षात आल्याची जागा सांगतो, चूक झाल्याची नव्हे. म्हणून आधी वरची ओळ पाहावी. एका चुकीतून अनेक तक्रारी उगवतात, तेव्हा फक्त पहिली दुरुस्त करून ‘पर्ल -सी’ने (प्रोग्राम न चालवता फक्त रचना तपासणाऱ्या आज्ञेने) पुन्हा तपासावे.

‘यूज ऑफ अनइनिशियलाइज्ड व्हॅल्यू’ (किंमत न मिळालेली गोष्ट वापरली) या इशाऱ्यात कधीकधी दोन आकडे येतात. पहिला प्रोग्रामच्या ओळीचा, दुसरा त्या क्षणी वाचलेल्या डेटा फाइलच्या ओळीचा. दुसरा आकडा ४१ असेल तर फाइलची ४१वी ओळ उघडून पाहा, बहुधा तिथे एखादा रकाना रिकामा सापडतो.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी एक इशारा तर कधीच दडपू नये: ‘आर्ग्युमेंट इझन्ट न्यूमेरिक’, म्हणजे दिलेली किंमत संख्या नाही. फाइलमध्ये देवनागरीत ‘४२’ असेल तर बेरजेत त्याची किंमत शून्य धरली जाते. मजकूर युनिकोड (सर्व लिप्यांची सामाईक अक्षर-संकेतप्रणाली) म्हणून वाचला असेल, तर ‘बॅकस्लॅश-डी’ या अंक ओळखणाऱ्या खुणेची तपासणी मात्र तेच अंक बिनतक्रार पास करते. प्रोग्राम थांबत नाही, बेरीज चुकते आणि सांगणारा तो इशाराच असतो. प्रोग्रामच्या वर ‘यूज यूटीएफ८’ (प्रोग्रामचा मजकूर यूटीएफ-८मध्ये आहे असे सांगणारी ओळ) लिहून ‘टीआर’ या अक्षरे बदलणाऱ्या आज्ञेने आधी देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत. ‘वाइड कॅरेक्टर इन प्रिंट’ हा इशारा आला तर ‘बिनमोड’ या आज्ञेने आउटपुटला यूटीएफ-८ एन्कोडिंग द्यावे.

कडक नियम लावणारी ‘यूज स्ट्रिक्ट’ आणि इशारे चालू करणारी ‘यूज वॉर्निंग्ज’ या दोन ओळी पहिल्या दिवसापासून हव्यात. इशारे नकोत म्हणून दुसरी ओळ खोडायला सांगणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. संदेश कळला नाही, तर ‘यूज डायग्नॉस्टिक्स’ लिहिल्यावर पर्ल त्याचा सविस्तर खुलासा छापते. तोच ‘पर्लडॉक पर्लडायग’ या आज्ञेनेही मिळतो. खुलासा इंग्रजीत असल्याने मुले कचरतात, तेव्हा शिक्षकांनी नेहमीच्या वीसेक संदेशांचा मराठी तक्ता प्रयोगशाळेत लावावा. प्रात्यक्षिकात मुद्दाम बिघडवलेले दहा ओळींचे प्रोग्राम द्यावेत, आणि गुण दुरुस्तीइतकेच संदेशाचा अर्थ सांगण्यालाही द्यावेत.

– एक वाचक, पुणे