पाण्याच्या बेटावर जाताना

शिकागो, १८ मे

तीर्थरूप अण्णा व आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अण्णा म्हणाले, "घरदार सोडून लेकराला रानात कशाला झोपवायचं?" तेव्हा रेवाला शाळेतून आणायची घाई होती, धड सांगता आलं नाही. म्हणून पत्र.

आम्ही जुलैत पाच रात्री आइल रॉयलला चाललोय. सुपीरियर नावाच्या सरोवरातलं हे बेट आहे, १९४० पासून राष्ट्रीय उद्यान. सरोवर म्हणजे मांजरा धरणासारखं डोळ्यासमोर आणू नका. आपला मराठवाडा सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचा, हे ८२ हजारांचं. औरंगाबादपासून नांदेडपर्यंत सगळे जिल्हे त्यात मावतील. आणि सगळं गोडं पाणी! नकाशात ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला २०१६ चा एप्रिल आठवला. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, आणि अण्णा स्टेशनवर जाऊन ते वॅगन बघून आले होते. त्या रात्री फोनवर अण्णांचा आवाज जड झाला होता. मला त्या पाण्याच्या काठावर एकदा उभं राहायचंय, अण्णा. तुमच्यासाठीसुद्धा.

आता तयारीचं सांगते. इथून हॉटन गावापर्यंत सात-आठ तास गाडीनं, तिथून सहा तास बोटीनं. बेटावर रस्ता नाही, गाडी नाही. हिवाळ्यात तर ते बंदच असतं, १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल. पहिली रात्र थ्री माइल नावाच्या तळावर, मग डेझी फार्मच्या तळावर. तिथं तीन बाजूंनी लाकडी भिंती आणि समोर जाळी असलेल्या खोपी आहेत, पण जो आधी पोचेल त्याची. म्हणून तंबू न्यायचाच. जूनमध्ये डास आणि चावऱ्या माश्या जीव खातात, म्हणून मीच जुलै धरला. तेव्हाही थोडे असतीलच. रात्री मात्र दहा अंशांच्या आसपास गारठा, तेव्हा तुम्ही दिलेली घोंगडी येतेय.

पाणी एवढं असून तसंच प्यायचं नाही. बेटावर लांडगे आहेत आणि मूस, म्हणजे सांबराच्या जातीतला, घोड्याहून उंच प्राणी. या दोघांमध्ये फिरणाऱ्या एका कृमीची अंडी पाण्यात असू शकतात. आपल्याकडं आडाच्या पाण्यात तुरटी फिरवतो, तसं नुसतं औषध टाकून ती मरत नाहीत. उकळायचं, नाहीतर बारीक गाळणीतून गाळायचं. गाळणी आणली आहे. रेवा रोज बेसिनवर सराव करते, एक लिटरला किती वेळ लागतो ते वहीत लिहिते.

लांडग्यांचं ऐकून आई दचकेल. आई, एकेकाळी तिथं दोनच लांडगे उरले होते. मूस बेसुमार वाढले, कोवळी झाडं खाऊन रान उघडं पडायला लागलं, म्हणून २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडले. माणसाची चाहूल लागली की ते बहुधा दूर जातात. अस्वल तर बेटावर नाहीच. कोल्हे मात्र बाहेर ठेवलेले बूट पळवतात, तेवढे तंबूत घ्यायचे.

आई, तुझ्याकडं एकच मागणं. येसर पाठव. पाठीवर सगळं ओझं वाहायचं, ओलं-ताजं काही नेता येत नाही. येसर काय, उकळत्या पाण्यात कालवून टाकली, वरून चमचाभर तेल, की आमटी तयार. तू जात्यावर दळायचीस तेव्हा त्या भाजक्या गव्हाचा वास अख्ख्या वाड्यात फिरायचा. पाव किलो पुरे. मिरची कमी टाक, रेवासाठी. शेंगदाण्याची चटणी जमली तर तीही. काकूंची सून जूनमध्ये येतेय, तिच्याजवळ दे. हवा बिघडली तर बोट एखादा दिवस उशिरा सुटते, म्हणून एका दिवसाचं जास्तीचं सामान घेणार आहोत.

बेटावर मोबाइलला रेंज नाही. १३ ते १८ जुलै फोन लागणार नाही, उशीर झाला तर १९ सुद्धा. घाबरू नका. हॉटनला उतरले की पहिला फोन तुम्हालाच.

अण्णा, मृगाचा पाऊस पडला का, सोयाबीनची पेरणी कधी धरली, ते आम्ही निघायच्या आधी कळवा. बोअरला पाणी किती आलंय तेही.

तुमची,
मनू