अशनीतील अभ्यासाचा वाटा वाढवावा

महोदय,

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कमधील एका लिलावात मंगळावरून आलेला २४.६७ किलो वजनाचा अशनी, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेला दगड, शुल्कासह सुमारे ५३ लाख डॉलरना विकला गेला. तो नायजरच्या वाळवंटात सापडला होता आणि देशाबाहेर कसा गेला, याची चौकशी त्या सरकारने पुढे सुरू केली. चर्चा झाली ती मुख्यतः किमतीची. त्यातला किती भाग अभ्यासकांच्या हाती कायम राहणार, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

अशनीला अधिकृत नाव मिळवण्यासाठी मिटिऑरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार त्याचा २० टक्के किंवा २० ग्रॅम, यांपैकी जो कमी असेल तो भाग, मान्यताप्राप्त संस्थेकडे ठेवावा लागतो. शंभर ग्रॅमच्या दगडाचा हा पाचवा हिस्सा झाला. उपरोक्त दगडाचा मात्र तो हजारावा भागही भरत नाही. मोठ्या अशनींसाठी ही मर्यादा वाढवायलाच हवी.

तरीही संग्राहकांना चोर ठरवणे मला अन्यायाचे वाटते. 'ब्लॅक ब्यूटी' म्हणून ओळखला जाणारा ३२० ग्रॅमचा मंगळाचा दगड मोरोक्कोतील विक्रेत्याकडून एका संग्राहकाने घेतला आणि न्यू मेक्सिको विद्यापीठाला दिला, म्हणूनच मंगळाच्या जुन्या कवचाचा असा नमुना प्रयोगशाळेत पोहोचला. मात्र अशा बाजारातून आलेल्या दगडांची सापडल्याची नेमकी जागा बहुधा हरवलेली असते, आणि ती नंतर कोणत्याही उपकरणाने परत मिळत नाही. नुसत्या बंदीने व्यवहार थांबत नाही, तो लपतो, आणि जागेची नोंद सर्वांत आधी नाहीशी होते.

डेन्मार्कची वाट मला अधिक न्याय्य वाटते. तिथे कायद्याने अशनी राज्याच्या मालकीचा असतो, पण तो आणून देणाऱ्याला मोबदला मिळतो. जिथे मालकी जमीनमालकाकडे किंवा शोधणाऱ्याकडे जाते, तिथेही संग्रहालयांनी रास्त किंमत द्यावी, पैसे नसतील तर आपल्याकडील दुसऱ्या अशनीचा काप बदल्यात द्यावा आणि शोधणाऱ्याचे नाव नमुन्याच्या नोंदीत कायम ठेवावे. उचलण्याआधी जागेवर काढलेले छायाचित्र आणि अक्षांश-रेखांश जो देईल, त्याचा मोबदला अधिक असावा.

आपला,
एक वाचक