नाणी किती कोटींची, त्याआधी ती कुठली ते सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ‘इंग्लंडच्या शेतात सापडले गुप्तधन’ हा मजकूर वाचला. साहेबांच्या देशातल्या जुन्या नाण्यांसाठी मराठी दैनिकाने अर्धे पान दिले, याचा आनंद झाला. पण त्या अर्ध्या पानात ‘कोटी’ हा शब्द सहा वेळा आला आणि ‘टांकसाळ’ एकदाही नाही. म्हणून हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. पूर्व इंग्लंडातल्या पश्चिम नॉरफोकमधल्या त्या १३१ सोन्याच्या नाण्यांना आपण ‘अँग्लो-सॅक्सन राजांची नाणी’ म्हटले आहे. ती पुरली अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमध्ये, एवढेच खरे. हा साठा जमिनीत गेला इ.स. ६०० नंतर थोड्याच काळाने, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये स्वतःचे नाणे पाडण्याची रीत जवळपास नव्हतीच. यातली बहुतेक नाणी समुद्रापलीकडच्या फ्रँक लोकांची, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या बाजूची. ट्रेमिसिस हे त्यांचे नाव. वजन जेमतेम १.३ ग्रॅम, आपल्या सराफी हिशेबाने दहा-अकरा गुंजा. त्या काळच्या फ्रँक नाण्यांवर पुष्कळदा राजाचे नाव नसतेच. गावाचे आणि नाणे पाडणाऱ्याचे असते. उरलेली ९ नाणी मोठी, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची. त्यांना सॉलिडस म्हणत आणि एका सॉलिडसचे तीन ट्रेमिसिस होत.

मग परक्यांची नाणी तिथे कशी आली? इथे खरी गोष्ट सुरू होते आणि नेमकी तीच आपल्या मजकुरातून गळली. इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या केंटचा राजा एथेलबर्ट याची राणी बर्था ही फ्रँक राजघराण्यातली. ५९७ मध्ये रोमहून ऑगस्टीन धर्मप्रसारासाठी आला तो याच राजाकडे. याच एथेलबर्टने लिहून घेतलेले कायदे आज उपलब्ध आहेत आणि त्यात दंड शिलिंगांत सांगितला आहे. कुणाचा अंगठा तोडला तर २० शिलिंग, नुसते अंगठ्याचे नख गेले तर ३. म्हणजे स्वतःचे नाणे धड नसलेल्या देशात हिशेब मात्र नाण्यांत चालू होता. समुद्रापलीकडून आलेल्या सोन्याला तिथे काय काम होते, याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

याआधीचा सर्वांत मोठा साठा हॅम्पशायरमधल्या क्रॉन्डलचा. तो १८२८ मध्ये सापडला. १०१ नगांचा, आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. तो पुरला गेला साधारण ६४० मध्ये आणि त्यातली बरीच नाणी इंग्लंडातच पाडलेली आहेत, काहींवर तर लंडनचे नाव आहे. नॉरफोक आणि क्रॉन्डल शेजारी ठेवा. साधारण चाळीस वर्षांत एक मुलूख उसन्या नाण्यांवरून स्वतःच्या नाण्यांवर आलेला डोळ्यांना दिसतो. पुढे त्या सोन्यात भेसळ वाढत गेली आणि सातव्या शतकाच्या अखेरीला चांदीने त्याची जागा घेतली. हे सारे कुठल्या बखरीत लिहिलेले नाही.

या दोहोंच्या मधल्या काळातला साठा पूर्व इंग्लंडातल्या सटन हूचा. १९३९ मध्ये तिथल्या जहाज-दफनात, म्हणजे अख्खे जहाज पुरून केलेल्या थडग्यात, एक बटवा मिळाला. त्यात ३७ फ्रँक नाणी होती, एकाही टांकसाळीची दोन नाहीत. शिवाय छाप नसलेल्या तीन चकत्या आणि सोन्याच्या दोन छोट्या कांड्या. ३७ आणि ३ मिळून चाळीस होतात, म्हणजे ही परलोकी नाव वल्हवणाऱ्या चाळीस नावाड्यांची मजुरी आणि कांड्या सुकाणूवाल्यांच्या, असे एका अभ्यासकाने सुचवले होते. मला ही कल्पना इतकी आवडते की तिच्यावर विश्वास ठेवायला मन कचरते.

आता ज्या मुद्द्यासाठी पेन उचलले, तो. नॉरफोकचा साठा हंड्यात भरलेला मिळालेला नाही. नांगराने तो शेतभर पांगला होता. एक नाणे नव्वदीच्या सुरुवातीला मिळाले आणि बाकीची बहुतेक २०१४ ते २०२० या काळात, धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एकाच माणसाला. त्याने प्रत्येक नाणे कळवले आणि आपले नाव मात्र जाहीर होऊ दिले नाही. त्याच शेतात फिरायची परवानगी असलेल्या दुसऱ्याला दहा नाणी मिळाली. हा गृहस्थ नोकरीवरचा पोलीस. त्याने ती न कळवता विकायला काढली आणि सांगितले की ही वेगवेगळ्या जागी एकेकटी सापडलेली आहेत.

‘एकेकटी’ का? कारण तिथल्या १९९६ च्या कायद्यानुसार सुटे एक नाणे सहसा ‘ट्रेझर’, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेला ठेवा, ठरत नाही. ३०० वर्षांहून जुनी, सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एका ठिकाणी मिळाली की ठरतात. मग ती चौदा दिवसांत कळवावी लागतात, कॉरोनर नावाचा सरकारी अधिकारी चौकशी करतो, संग्रहालयाने घेतली तर स्वतंत्र समिती किंमत ठरवते आणि पैसे शोधणाऱ्यात व जमीनमालकात वाटले जातात. ही वाट सोडली म्हणून २०१७ मध्ये त्या पोलिसाला १६ महिने तुरुंगवास झाला आणि नोकरीही गेली. दहांपैकी सात नाणी परत मिळाली, तीन बाजारात गडप झाली.

माझ्या लेखी तीन नाणी गेली यापेक्षा त्याने खोटी गावे सांगितली, हे वाईट. ते खपले असते, तर पुढचा अभ्यासक नकाशावर दहा जागी ठिपके देऊन ‘इथे फ्रँक सोने पोचले होते’ असे लिहिता. सोन्याची चोरी पकडता येते. खोटा ठिपका पुस्तकांत जाऊन बसतो.

आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा आहे, सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तरीही सराफाच्या मुशीत किती छाप विरघळले असतील! ओळखीतले एक वृद्ध सराफ एकदा म्हणाले, ‘मास्तर, आम्ही कस बघतो, अक्षर नाही.’ त्यांचा धंदाच तो, त्यांना काय बोलणार? पण नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षहरात घराण्याचा राजा नहपान याची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र राहिली आणि त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला दिसला. क्षहरातांचा पराभव केवळ शिलालेखाच्या शब्दावर मानावा लागला नाही. तीच चांदी सुट्या रुपयाच्या भावाने गेली असती, तर?

तेव्हा ‘राजांची नाणी’ एवढे तरी दुरुस्त करावे, ही विनंती. ‘गुप्तधन’ हा शब्दही टाळता आला तर बरे. आपल्याकडे तो वाचला की लोकांना लिंबू-मिरची आणि मांत्रिक आठवतो. जोगळटेंभीवर कधी अर्धे पान देणार असाल तर माझ्याजवळ जुनी टिपणे आहेत, टपालाने पाठवीन.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, नाशिक