भार पट्ट्यावर हवा

दादर, मुंबई

प्रिय सुध्या,

वाढलेल्या छातीला आधार म्हणून ब्रा कशी घ्यायची, हे फोनवर विचारताना तू निम्मं बोललास आणि निम्मं खोकलास, म्हणून लिहूनच पाठवतोय. वाचून झालं की वहिनींनाही दे. टेप धरायला दुसरा हात लागतोच.

दुकानात जाण्याआधी एक तपासणी कर. उताणा पड, अंगठा आणि पहिलं बोट छातीच्या दोन बाजूंनी निपलकडे सरकवत आण. निपलच्या बरोबर खाली रबरासारखी घट्ट चकती लागली, तर ती ग्रंथी, म्हणजे गायनेकोमास्टिया, पुरुषाच्या छातीत वाढलेली स्तनग्रंथी. बोटं काहीही न लागता एकमेकांना भेटली, तर बहुतेक नुसती चरबी. तुझ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखव. स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड, रिस्पेरिडोन यांनी हे होऊ शकतं. जिममधली स्टेरॉइडं तर आहेतच. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. एकाच बाजूला दगडासारखी गाठ, कातडीला खळगा, निपल आत ओढलेलं किंवा त्यातून रक्त, यातलं काही असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी सर्जन गाठ. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो. तसं काही नसेल तर परळच्या केईएम हॉस्पिटलला हार्मोन्सची म्हणजे एंडोक्रायनॉलॉजीची ओपीडी आहे. साधारण वर्ष उलटलं की ग्रंथी तंतुमय होते आणि गोळ्यांचा फारसा उपयोग उरत नाही. मग उरतं ऑपरेशन, नाहीतर आधार.

आता आधाराचं. ब्रा घातल्याने छाती वाढत नाही आणि उतरतही नाही. जिना उतरताना हलणं, निपल शर्टाला घासणं आणि खालच्या घडीत साचणारा घाम, या तिन्हींचा त्रास कमी होतो, एवढंच तिचं काम. क्रेप बँडेज गुंडाळायचा विचार असेल तर सोड. फासळ्या आवळतात, श्वास उथळ होतो. कॉम्प्रेशन बनियन लग्नात चार तास ठीक, पण मे महिन्यात विरार लोकलमध्ये ती अंगावर म्हणजे शिक्षाच.

माप दोन घ्यायची. एक छातीखाली, श्वास सोडून, टेप घट्ट आणि पाठीवर सरळ. दुसरं निपलवरून, टेप सैल. समज 36 आणि 39 इंच आलं. लगेच '36 द्या' म्हणू नकोस, बहुतेकजण इथेच फसतात. शर्टाचा नंबर वेगळा, हा वेगळा. काही कंपन्या छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवून नंबर छापतात, काही तेच माप धरतात. म्हणून डब्यावरचा तक्ता वाच आणि छातीखालचं माप कुठल्या ओळीत बसतं ते पाहा.

कपाचं गणितही बायकांच्या अंगावरून ठरलेलं. आपली छाती रुंद आणि उथळ, निपल एकमेकांपासून लांब. साच्यातला फुगीर कप घेतलास तर वर पोकळी राहते आणि बगलेकडून मांस बाहेर येतं. त्यापेक्षा तार नसलेली, पॅड नसलेली, सुती-इलॅस्टेनची (म्हणजे ताणणारा धागा मिसळलेली), मऊ शिवणीची घे. खांदापट्टी रुंद हवी. स्पोर्ट्स प्रकारातली चालेल, पण डोक्यावरून घालायची असेल तर घामेजलेल्या अंगातून काढताना कुस्ती होते. पुढून हूक असलेली मिळाली तर उत्तम.

भार खालच्या पट्ट्याने उचलायचा असतो, खांद्याने नव्हे. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ जाता कामा नये. हात वर केल्यावर पट्टा पाठीवर चढला, तर तो सैल आहे. मग माणूस खांदापट्टी आवळतो आणि खांद्यावर वळ उठतात. नवी असताना सगळ्यात बाहेरच्या हुकात लाव, इलॅस्टिक ढिलं पडेल तसं आत ये. पट्टा कमी पडला तर हूक वाढवायची पट्टी मिळते, तीन हुकांची असेल तर तीनच हुकांची माग.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरी ब्रा उठून दिसते. कातडीच्या रंगाची घे, वर बाह्यांची गंजी. चौकड्यांच्या शर्टात तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दादर स्टेशनवर कुणाला एवढी फुरसत आहे?

कमीत कमी तीन हव्यात: एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. जुलैत दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा चौथीही लागते. साध्या पाण्यात हाताने धू, पिळू नकोस, ब्लीच लावू नकोस, इलॅस्टिक मरतं. ओली मुळीच घालू नकोस. घडीत लाल, कडेला बारीक पुरळ आणि खाज आली तर ती बुरशी असू शकते. आधी जागा टिपून कोरडी कर, मग डॉक्टरांना विचारून क्लोट्रिमॅझोलची पावडर. केमिस्टने पुढे केलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम नको. दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. रात्री झोपताना काढून ठेव, कातडीला हवा लागू दे.

दुकानात लाज वाटली तर मापं मला पाठव, रानडे रोडवरून मी आणतो. दोन्ही मापं इंचात आणि सेंटिमीटरमध्ये लिही, आणि मी आणलेलं बिल जपून ठेव, कदाचित बदलून घ्यावी लागेल.

तुझा,
दिल्या