मातीपर्यंत पोहोचणारी ताकद : एका आरसी ट्रकच्या निमित्ताने काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोरासमोर मी आपले आभार अनेकदा मानले आहेत, आणि दर वेळी आपण विषय बदलून टेबलावरचा पुढचा सुटा भाग हातात घेतला आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. त्यात आपले नाव येऊ नये, ही आपली अट मात्र पाळतो. रिमोटवर चालणारे, म्हणजे आरसी (रेडिओ कंट्रोल) ट्रक शर्यतीसाठी तयार करणारी मुले आता आमच्या गटात वाढू लागली आहेत. ती माझा ट्रक उलटा करून निरखतात आणि कोणता भाग कोठून मागवला एवढेच विचारून घेतात. भागांची यादी मी आनंदाने देतो. पण तो ट्रक मुरमाच्या ट्रॅकवर शर्यतीच्या शेवटच्या फेरीपर्यंत सरळ धावतो, याचे कारण त्या यादीत सापडत नाही. ते कारण म्हणजे आपण शिकवलेली कामाची पद्धत, आणि तिचे श्रेय योग्य माणसाच्या पदरी पडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी ट्रकची थोडी ओळख करून देतो. ट्रॅक्सस कंपनीने २००८ मध्ये बाजारात आणलेला ‘स्लॅश’ हा एकास दहा प्रमाणातला, फक्त मागच्या चाकांना जोर मिळणारा इलेक्ट्रिक ट्रक आहे. अमेरिकेत, विशेषतः विस्कॉन्सिनमधल्या क्रॅन्डनसारख्या मातीच्या ट्रॅकवर, ज्या ‘शॉर्ट कोर्स’ ट्रकांच्या शर्यती होतात, त्यांची ही छोटी प्रतिकृती. चाके झाकणारी रुंद बॉडी, मागेपुढे दणकट बंपर आणि सस्पेन्शनची लांब चाल ही त्याची वैशिष्ट्ये. दगडगोट्यांवरून, खड्ड्यांतून, कोणाच्याही हाती सहज चालावा म्हणून मूळ ट्रकची चॅसिस (खालचा सांगाडा) जमिनीपासून बरीच उंच ठेवलेली आहे, आणि त्या हेतूसाठी ते योग्यच आहे. आखलेल्या ट्रॅकवर वेगाने वळणे घेणे आणि उडीनंतर चारही चाकांवर उतरून लगेच जोर पकडणे ही मागणी मात्र वेगळी, आणि आपण केलेले सगळे काम या दोन हेतूंमधले अंतर भरून काढण्याचे होते.

आपली हयात भोसरीच्या टूलरूममध्ये, जिग-फिक्श्चर (यंत्रावर काम अचूक जागी धरून ठेवणारी साधने) बनवण्यात गेली. आरसी ट्रक आपण त्याआधी कधी हातात धरला नव्हता. तरीही पहिल्याच बैठकीत आपण मोटरचा विषय बाजूला ठेवलात, सगळा ट्रक खोलायला लावलात आणि बॅटरीपासून टायरपर्यंत ताकद ज्या क्रमाने जाते त्या क्रमाने प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर मांडायला लावलात : बॅटरी, स्पीड कंट्रोलर, मोटर, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर), स्पर गिअर (त्याला जुळणारा मोठा गिअर), स्लिपर क्लच (जास्त झटका आला की घसरणारा क्लच), गिअरबॉक्स, डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच), ड्राइव्ह शाफ्ट, चाक ज्यावर बसते तो बारा मिलिमीटरचा षटकोनी हेक्स, चाक आणि अखेर माती. धरणातून पाणी कितीही सोडले तरी कालव्याच्या शेपटाकडच्या शेताला किती मिळते हेच खरे, असे आपण म्हणाला होतात. पुढचा प्रत्येक निर्णय मी त्याच मापाने घेत आलो आहे. एक कडी मजबूत केली की भार नाहीसा होत नाही, तो पुढच्या कडीवर सरकतो; म्हणून ती पुढची कडी आधी तपासल्याशिवाय पहिलीला हात लावायचा नाही, हा आपला नियम.

ब्रशची मोटर काढून ३५०० के.व्ही.ची ब्रशलेस मोटर बसवली तेव्हा हा नियम किती उपयोगी आहे ते कळले. के.व्ही. म्हणजे दर व्होल्टला, भार नसताना, मिनिटाला होणारे फेरे. ७.४ व्होल्टच्या टू-एस (दोन सेलच्या) लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीवर ही मोटर कागदोपत्री मिनिटाला सुमारे २५,९०० फेरे घेते. हा आकडा पाहून बहुतेकजण मोठे पिनियन शोधू लागतात. आपण कागद-पेन्सिल घेऊन वेगळा हिशेब मांडलात. ८६ दातांचा स्पर, १९ दातांचे पिनियन आणि गिअरबॉक्सचे स्वतःचे २.७२ हे गुणोत्तर धरले की मोटरच्या १२.३१ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो; पिनियन १७ दातांचे केले की तोच आकडा १३.७६ होतो. टायरचा व्यास ११० मिलिमीटर मानला तर पहिल्या जुळणीत वरचा वेग ताशी सुमारे ४४ किलोमीटर आणि दुसऱ्या जुळणीत सुमारे ३९ येतो. आमच्या ट्रॅकवरची सर्वांत लांब सरळ पट्टी एवढी आखूड आहे की ४४ चा वेग गाठण्याआधीच ब्रेक लावावा लागतो. म्हणजे मोठ्या पिनियनचा फायदा कधी हाती लागणार नव्हता, मोटर मात्र प्रत्येक वळणातून बाहेर पडताना अधिक तापली असती. १७ दातांचे पिनियन लावल्यापासून भर उन्हाळ्यात, पुण्याचे तापमान चाळिशीच्या आसपास असतानाही, शर्यतीनंतर मोटरचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या आत राहते. दातांची जुळणी करताना दोन गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करायची, मग पट्टी ओढून काढायची आणि स्पर पूर्ण एक फेरा फिरवून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) सगळीकडे सारखा आहे ना ते बोटांनी तपासायचे, हेही आपणच दाखवलेत. स्पर जरा वाकडा फिरत असेल तर तो एकाच जागी तपासून समजत नाही.

स्लिपर क्लचला मी फारसे महत्त्व देत नसे, कारण त्यावर लावायला कोणताही झगमगीत भाग मिळत नाही. आपण मात्र त्याला संपूर्ण गाडीची सुरक्षा झडप मानलेत. उडीनंतर फिरती चाके जमिनीला टेकतात त्या क्षणी सगळी यंत्रणा एका झटक्यात अडते. तो झटका क्लचने घसरून गिळला नाही तर तो गिअरच्या दातांनाच सोसावा लागतो. थांबलेल्या ट्रकला एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यावर पहिल्या दोनएक फुटांत क्लच घसरल्याचा बारीक आवाज यावा, त्यानंतर तो येऊ नये, इतपत नट आवळायचा, ही कसोटी मी आता नव्या मुलांनाही शिकवतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी आपला सर्वाधिक ऋणी आहे तिच्याकडे येतो. आमच्या छंदात रंगीत अॅल्युमिनिअमचे भाग लावण्याची मोठी हौस आहे, आणि हाताशी लेथ व मिलिंग मशीन असलेला माणूस लाभल्यावर मीही आपल्याकडे पुढच्या सस्पेन्शन आर्मचे (चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या दांड्याचे) ड्रॉइंग घेऊन आलो होतो. आपण ते भाग बनवायला नकार दिलात आणि नकाराचे कारण सविस्तर समजावलेत. ट्रॅकच्या कडेच्या पाइपवर आदळणारा आर्म थोडा लवून पुन्हा मूळ आकारात आला पाहिजे. नायलॉन हे करते. अॅल्युमिनिअम एका मर्यादेनंतर वाकते ते वाकलेलेच राहते, आणि वाकले नाही तर धक्का जसाच्या तसा बल्कहेडपर्यंत (आर्म ज्यावर बसतो त्या चॅसिसवरच्या भागापर्यंत) पोहोचवते, जो बदलायला आर्मपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणून आर्म आर.पी.एम. कंपनीचे, लवचीक नायलॉनचे, लावले. जेथे आदळआपट नाही पण मापाचा नेमकेपणा टिकणे आवश्यक आहे, तेथे मात्र आपण धातूला होकार दिलात : मागच्या चाकांचे हब, ज्यांत ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटरचे बेअरिंग बसते आणि ज्यांची सीट सैल झाली की चाक डुलू लागते, आणि स्टिअरिंगचे बेलक्रँक (चाके वळवणारे तरफेसारखे भाग), ज्यांच्या बुशची जागा आपण बोअर करून बेअरिंगसाठी तयार केलीत. शाफ्टच्या बाबतीत पीळ हा मुख्य भार असल्याने, ब्रशलेस मोटरच्या जोडीला सरकत्या प्लास्टिक शाफ्टऐवजी स्टीलचे शाफ्ट घेणे आपल्याला पटले. सर्व्होलाही (स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरलाही) धातूचे गिअर चालतील, पण तिला धक्क्यापासून वाचवणाऱ्या सर्व्हो सेव्हरची स्प्रिंग कायम ठेवायची, असे आपण बजावलेत. धातू कोठे लावावा, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर मला कोणत्याही कॅटलॉगमध्ये मिळाले नव्हते. धातूला धातू जोडणाऱ्या स्क्रूवर निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावायचे आणि प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूवर कधीही लावायचे नाही, ही बारीक सूचनाही त्याच दिवसाची.

शॉकवर आपण जे काम केलेत ते पाहणे हा माझ्यासाठी एक अभ्यासक्रमच होता. डेल्रिन नावाच्या कठीण प्लास्टिकच्या दांड्यावरून पिस्टन टर्न करून त्यांना वेगवेगळ्या व्यासाची छिद्रे पाडलीत, प्रत्येक पिस्टनचे माप व्हर्निअरने घेऊन वहीत नोंदवलेत, आणि चारही शॉक एकसारखे चालतात की नाही हे आधी हाताने दाबून पाहिलेत. छिद्र लहान आणि तेल पातळ ठेवले तर हळू हालचालीत शॉक मऊ वाटतो, पण उडीनंतरच्या जोरदार दाबाला तेल त्यातून पुरेशा वेगाने जाऊ शकत नाही आणि शॉक क्षणभर कडक होतो. मोठ्या उडीला हे हवे असते, बारीक खडबडीत पट्टीवर नको असते. त्यामुळे पिस्टन आणि तेल ही जोडी ट्रॅक पाहूनच ठरवावी लागते. सिलिकॉनचे तेल इतर तेलांच्या मानाने उष्णतेत कमी पातळ होते, पण होतेच. म्हणून सकाळच्या सरावात बरोबर वाटलेला ट्रक दुपारच्या फेरीत उडीनंतर जमिनीवर पोट आपटू लागला, तर स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी तेल एक पायरी घट्ट करून पाहावे, हे आपण सुचवले होते आणि ते दर उन्हाळ्यात उपयोगी पडते. तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वरखाली करून बुडबुडे पूर्ण निघेपर्यंत थांबण्याचा आपला संयम माझ्या अंगी अजून पुरता आलेला नाही, पण त्याचे मोल मी जाणतो.

चॅसिसची उंची कमी करण्यासाठी बाजारात मिळणारी लो-सी.जी. (गुरुत्वमध्य खाली आणणारी) चॅसिस घेतली. त्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही : ट्रकमधली सर्वांत जड वस्तू बॅटरी, ती खाली आली, आणि वळणात आतली चाके उचलली जाणे लक्षणीय घटले. बॉडीच्या मागच्या भागाला पाडलेल्या खिडक्यांबद्दल मात्र लोक हमखास विचारतात. उडीत पुढच्या बाजूने आत शिरलेली हवा रुंद बॉडीखाली कोंडते आणि ट्रकचे नाक वर उचलते. लेक्सनला (बॉडीच्या पारदर्शक प्लास्टिकला) मागे भोके पाडली की त्या हवेला वाट मिळते. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या नाहीत तर तेथूनच चीर जाते, म्हणून आपण त्या स्वतः घासून दिल्यात.

टायरच्या बाबतीत आपला आणि माझा मतभेद झाला होता, आणि तो मी येथे प्रांजळपणे नोंदवतो, कारण त्यातूनही मला काही मिळाले. टँकरने पाणी मारलेला मुरूम सकाळी ओलसर आणि पकड देणारा असतो; दुपारपर्यंत वरचा थर धुळीचा आणि त्याखालचा थर सिमेंटसारखा घट्ट होतो. उंच खुंट्यांचा टायर सकाळी उत्तम चालतो, दुपारी त्याच खुंट्या लवतात आणि ट्रक तरंगल्यासारखा घसरतो. आपले मत होते की एकच मध्यम टायर दिवसभर ठेवावा, म्हणजे इतर बदलांचा परिणाम स्पष्ट कळेल. सरावासाठी हे मी मान्य करतो; शर्यतीच्या दिवशी मात्र दुपारी आखूड खुंट्यांचे टायर लावणेच योग्य, असे माझे आजही मत आहे. परंतु एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा आणि फेरीच्या वेळेशी ताडून पाहायचा, ही आपली शिस्त नसती तर मला असे ठाम मत बनवण्यासाठी आधारच मिळाला नसता.

लिपो बॅटरीबाबत आपण जो आग्रह धरलात त्यासाठी माझ्या घरच्यांनीही आपले आभार कळवले आहेत. चार्जिंग उघड्या गॅलरीत, वाळूची बादली शेजारी ठेवून, समोर बसूनच करायचे; ५००० एमएएचच्या बॅटरीला पाच अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह द्यायचा नाही; बॅलन्स वायर (प्रत्येक सेल सारखा भरतो का ते पाहणारी) जोडल्याशिवाय चार्जर सुरू करायचा नाही; आणि आठवडाभर वापर नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचा. सेल फुगलेला दिसला की ती बॅटरी वापरातून बाद, मग तिची किंमत काहीही असो. आमच्या गटात आता हाच नियम सर्वांसाठी केला आहे.

काकूंनी जेवणाचे टेबल इतक्या संध्याकाळी आपल्या सुट्या भागांसाठी मोकळे ठेवले, त्याबद्दल त्यांचाही मी आभारी आहे. आपण माझ्याकडून कोणत्याही कामाचे पैसे घेतले नाहीत. डेल्रिनचा दांडा तेवढा आणून द्यायला सांगितलात, आणि उरलेला तुकडाही परत केलात. ज्या कौशल्यासाठी कारखाने मोबदला मोजत आले ते आपण एका छंदासाठी, तेवढ्याच गांभीर्याने वापरलेत, याची जाणीव मला सदैव राहील.

पुढच्या हंगामापूर्वी डिफरन्शिअल उघडून त्यात घट्ट सिलिकॉन ग्रीस भरण्याचा विचार आहे, म्हणजे वळणातून बाहेर पडताना आतले चाक हलके होऊन सगळी ताकद तेथेच वाया जाणार नाही. मात्र ते जास्त घट्ट झाले तर थ्रॉटल देताच ट्रकची शेपूट फेकली जाईल, अशी शंका आहे. दोन प्रकारची ग्रीस मागवून ठेवली आहे आणि वहीत नवे पान आखले आहे. आपल्या सवडीने एखाद्या रविवारी येतो.

आपला स्नेहांकित आणि ऋणी,
पुण्याहून आपला एक विद्यार्थी