पाळकाचे घर आणि मंडळीची सेवा

संपादक महोदय,

मी ग्रामीण भागातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) तरुण पाळक, म्हणजे धर्मसेवक, आहे. रविवारची उपासना संपली की आजाऱ्यांच्या भेटी, सायंकाळी घरोघरच्या प्रार्थनासभा, मध्येच एखादे अंत्यविधीचे बोलावणे, आणि नाताळ किंवा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) जवळ आला की दिवसाचे भान राहत नाही. या साऱ्यात माझी पत्नी व चार वर्षांचा मुलगा पाळकगृहात वाट पाहत बसतात. शिवाय पाळकाच्या पत्नीने महिला मंडळ आणि रविवारची शाळा सांभाळावी, असे बहुतेक मंडळ्या गृहीत धरतात, जरी तिची नेमणूक कोणी केलेली नसते.

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात इथ्रो आपला जावई, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, याच्याकडे येतो, तेव्हा तो मोशेची पत्नी सिप्पोरा व दोन मुलगे यांना सोबत घेऊन येतो, आणि दुसऱ्या दिवशी जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करताना पाहून, हजार, शंभर, पन्नास व दहा जणांवर नायक नेमण्याचा सल्ला देतो. हा सल्ला देणारा त्या मुलांचा आजोबा होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्रेषित पौलही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना, घरची व्यवस्था ठेवणे ही अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्याच्या, पात्रतेचीच अट मानतो.

म्हणून मंडळ्यांचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिट्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी भेटी व प्रार्थनासभांची जबाबदारी वडीलवर्गात (मंडळीतील जबाबदार ज्येष्ठांत) वाटून घ्यावी आणि पाळकाला आठवड्यातून एक पूर्ण दिवस कुटुंबासाठी मोकळा द्यावा. आमच्या मंडळीने सोमवार तसा ठेवला आहे.

– एक पाळक, अहिल्यानगर जिल्हा