काय घेऊ नको ते सांगितल्याबद्दल

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितोय म्हटल्यावर तुम्ही चिडणार, हे ठाऊक आहे. 'आभार कसले मानूलास, चहा पाज' हे तुमचं ठरलेलं उत्तर. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बेस गिटार, म्हणजे खर्जातले सूर वाजवणारी चार तारांची गिटार, हातात घेतलेली जी थोडीफार पोरं आहेत, त्यांनाही तुमचं सांगणं कळावं असं वाटतं. नाव घालत नाही. कॅम्पातला बेसवाला अण्णा म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

गाण्याला आपल्याकडं कधी तोटा नव्हता. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. पेटी-तबला शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, लीड गिटारवालेही सापडतात. बेसबद्दल विचारावं असं माणूस मात्र नव्हतं. 'चारच तारा? बाकीच्या दोन तुटल्या काय?' असं विचारणारे भरपूर.

मला पहिला बेस घ्यायचा होता तेव्हा तुम्ही कंपनी विचारली नाहीत, बजेटही विचारलं नाहीत. 'वाजवणार कुठं?' एवढंच. भजनात, ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये की घरी हेडफोन लावून? मी तर रंगसुद्धा ठरवून आलो होतो. मग चोर्ला घाटातून आपण म्हापशाला एक जुना बेस बघायला गेलो. विकणाऱ्यानं तो लख्ख पुसून ठेवला होता. तुम्ही वाजवायच्या आधी बॉडी खांद्याला टेकवून, एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकलीत. मग एकेक तार, मानेवरची एकेक पट्टी, म्हणजे फ्रेट, सावकाश. बाराव्या फ्रेटवर तार न दाबता नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवायचा, मग तीच तार तिथंच दाबून वाजवायची आणि ट्यूनरवर दोन्ही सूर जुळतात का बघायचं. व्हॉल्यूम, टोनच्या खुंट्या फिरवून खरखर ऐकायची. शेवटी खिशातली ॲलन की काढून ट्रस रॉडच्या, म्हणजे मानेचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीच्या, नटाला लावलीत, तर ती नुसतीच गोल फिरली. नटाचे कंगोरे पार झिजलेले. की खिशात ठेवत तुम्ही म्हणालात, 'लाकूड चांगलं आहे ओ, पण हिची मान आता कुणाच्या हातात राहिली नाही.' तो पैसे कमी करायला तयार होता. तुम्ही तयार नव्हता. येताना मी गप्प बसलो होतो आणि तुम्ही जाता-येता दोन्ही वेळचं पेट्रोल तुमच्याच खिशातून घातलंत.

ती सळी एवढी का महत्त्वाची, ते मला पुढच्या पावसाळ्यात कळलं. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात. त्यात खानापूरकडचा पाऊस. मान ओल धरते, पुढं वाकते, तारा वर उचलल्यासारख्या होतात आणि बोटं दुखायला लागतात. मार्चच्या उन्हात उलटं, तार फ्रेटला घासून किरकिरते. मिरजेच्या तंबोऱ्याला जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, काढायला कारागीर लागतो, आमच्या बेसला ती उन्हाळ्यात फुकट मिळते. तुम्ही शिकवलेली तपासणी मी आजही तशीच करतो. तार पहिल्या फ्रेटवर दाबायची, दुसऱ्या हातानं मान बॉडीला मिळते तिथं दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी मध्ये किती फट राहते ते बघायचं. पातळ व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी हवी. जास्त वाटली तर सळीच्या नटाला पाव फेरा, बस. मग रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी परत बघायचं. इंटरनेटवर बघून एका बैठकीत दोन फेरे मारणारे मी नंतर पाहिले. त्यांना कुणी अण्णा भेटला नव्हता.

तारांचंही तसंच. बेसच्या तारांचा एक सेट म्हणजे विद्यार्थ्याच्या खिशाला भोकच. 'जुन्या झाल्या तर उकळ,' तुम्ही म्हणालात, आणि मला वाटलं चेष्टा चाललीय. पाण्यात दहा मिनिटं उकळल्या की वेटोळ्यांत अडकलेला घाम आणि मळ सुटतो, लगेच कोरड्या फडक्यानं पुसून वाळवायच्या, नाहीतर गंज धरतात. चमक चार दिवस टिकते, पण कार्यक्रमाआधी तेवढीही चालते. यासाठी वेगळं पातेलं घे, हे तुम्ही सांगितलं होतं की नाही आठवत नाही. आईनं ते पातेलं आजतागायत स्वयंपाकघरात परत घेतलेलं नाही. आणि वर तुम्हीच सांगायचा की अमेरिकेतल्या मोटाऊन कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन तार तुटेपर्यंत बदलायचाच नाही म्हणतात. त्याच्या फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेटोळ्यांच्या, तारा होत्या, त्यांचा आवाज मुळातच बुजलेला, गोल. म्हणजे तार नवी हवी की जुनी, हे गाणं कुठलं आहे त्यावर. हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकवलंत की आता मी झोपेतही म्हणेन.

ऑर्केस्ट्रात मला उभं केलंत तेही तुम्हीच. आपल्याकडच्या सुपारीत एका रात्रीत लावणी, अभंग, हिंदी आणि डॉ. राजकुमारांची कन्नड गाणी, सगळं लागतं. पेपरात सीमावाद कितीही पेटू दे, मंडपात 'ते कन्नड गाणं घ्या की ओ' म्हणून चिठ्ठी पाठवणारा मराठीच असतो. गायक स्टेजवर येऊन कॉर्ड सांगत नाहीत. पेटीवरची पट्टी सांगतात, 'काळी चार' म्हणतात आणि माइक धरतात. तुम्ही मला कागदावर लिहून दिलं होतं: काळी चार म्हणजे जी शार्प, ई तारेवर चौथा फ्रेट. काळी एक म्हणजे सी शार्प, ए तारेवर चौथाच फ्रेट. काळी पाच आणि काळी दोन त्याच दोन तारांवर सहाव्या फ्रेटला. तो कागद वर्षभर माझ्या गिटारच्या बॅगेत होता. काळ्या पट्टीत मोकळ्या तारा फारशा कामाला येत नाहीत, म्हणून डाव्या हातानं तार नीट बंद करायला शीक, हेही त्याच्याच मागं लिहिलं होतं. डग्ग्याबद्दलचं तर सोनं आहे: डग्गा घुमतोय तिथं लांब सूर धरू नको, दोघंही एकाच खोलीत राहता, एकानं तरी बाहेर पडावं. केहरव्यात पहिली मात्रा घट्ट धरायची आणि मधे जागा सोडायची. मी वाजवणं कमी केल्यावर तबलजी पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसला.

आता डीआय बॉक्सबद्दल. मुठीत मावेल एवढी ती लोखंडी डबी तुमची आहे आणि अजून माझ्याकडंच आहे. मंडपातल्या साउंडवाल्याकडं बेसचा ॲम्प असेलच असं नाही, आणि असला तरी तो बहुतेक लीडवाल्याच्या ताब्यात असतो. गिटारची साधी केबल लांबवरच्या मिक्सरपर्यंत ओढली की आवाजातली धार जाते आणि वाटेतल्या झगमगत्या लायटिंगचा सगळा कचरा आत येतो. डबीतून गेलं की सिग्नल बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतला कचरा न धरणारा, होतो आणि माइकच्या केबलीनं लांबवर बिनघोर जातो. तरी घूं असा आवाज आलाच तर डबीवरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे केबलीतलं ग्राउंड तोडायचं, बटण दाबायचं. तेव्हा तुम्ही समजावलेलं गणित मी अजून लोकांना ऐकवतो. आपली वीज ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी म्हणजे ४९ हर्ट्झ. म्हणजे मंडपातली घूं ही खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी. ती इक्वलायझरनं कापायला गेलात तर बेसच कापला जाणार. म्हणून घूं जिथून येते तिथंच बंद करायची. पण तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन उपटून नाही. निपाणीकडच्या एका कार्यक्रमात पावसानं माती ओली झालेली असताना एकानं नेमकं तेच केलं होतं, आणि तुम्ही पिन परत बसवेपर्यंत कार्यक्रम सुरू होऊ दिला नव्हता. आयोजक ओरडत होते. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचे, हा २००० सालापासूनचा ध्वनिप्रदूषणाचा नियम, त्यामुळे उशीर झाला तर शेवटची गाणी उडतात हे तुम्हालाही ठाऊक होतं. तरी हलला नाहीत.

बाकी बारीकसारीक: बेस ॲक्टिव्ह असेल तर मध्यंतरात केबल बेसमधून काढून ठेव, नाहीतर आतली नऊ व्होल्टची बॅटरी जळत राहते. एक बॅटरी जास्तीची ठेव. इसार घेतल्याशिवाय तारीख देऊ नको आणि परतीच्या गाडीचं आधी बोल.

गेल्या पावसात आम्ही घरीच अभंग रेकॉर्ड केले. वर पत्रे, त्यावर धो धो पाऊस, त्यामुळं गायकासाठी रोज उघडीप बघावी लागायची. बेसला ती अडचण नाही, माइकच नाही तर पाऊस आत येणार कुठून! लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घे, उणे बारा डेसिबलच्या आसपास पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, ठेव, प्रत्येक टेकच्या आधी सूर लाव, ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा सार. फोनवर सांगितलेलं हे सगळं केलं. मिक्स झाल्यावर भावाला मोबाइलवर ऐकवलं तर म्हणाला, 'तू वाजवलायस तरी कुठं?' मी तुम्हाला रात्री फोन केला. खालचा आवाज वाढवू नको, तुम्ही सांगितलंत. मोबाइलच्या स्पीकरला २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ झेपतच नाही. थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलकी खरखर, घाल, सातशे ते हजार हर्ट्झच्या आसपास जरा उचल. वरचे हार्मोनिक, म्हणजे सुराच्या पोटातले उंच सूर, ऐकू आले की खालचा मूळ सूर कान आपोआप भरून घेतो. केलं. भावानं परत ऐकलं आणि काही न बोलता पाय हलवायला लागला.

एवढं सगळं सांगताना तुम्ही मला आजवर एकही वस्तू घ्यायला लावली नाहीत. उलट पेडल नको, मोठा ॲम्प नको, 'आधी बाकीचे काय वाजवतात ते ऐक, मग बघू की.' त्या न घेतलेल्या वस्तूंच्या पैशांतून हे रेकॉर्डिंग झालं. आल्बमवर आभारात तुमचं नाव घालू का, असं विचारायचं होतं. नाही म्हणू नका.

आणि हो, येळ्ळूरचा एक पोरगा माझ्याकडं येतो. हात चांगला आहे. त्याला पाच तारांचाच बेस हवाय. खालच्या बी तारेचे ३१ हर्ट्झ आपल्या मंडपातल्या कुठल्या स्पीकरमधून बाहेर पडणार, असं मी विचारून बघितलं, पण तो ऐकत नाही. रविवारी त्याला घेऊन येतो. डबीही आणतो. त्याला काय ते तुम्हीच सांगा.

तुमचा,
खानापूरचा बेसवाला